दमट हवेची परीक्षा

मुळशी तालुक्यात घोटवड्याच्या पुढे रिहे खोरे सुरू होते. हा भातखाचरांचा मुलूख. इंद्रायणी आणि आंबेमोहोर ही इथली ओळखीची नावे. चैत्र-वैशाखात रोपांसाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, छाटलेल्या टहाळ्या वाफ्यावर पसरायच्या, वरून मातीचा पातळ थर द्यायचा आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवून द्यायचे. त्या दिवसांत खोऱ्यात धूर भरून राहतो. मृगानंतर सगळे पालटते. आषाढात समोरचा डोंगर दिसेनासा होतो, भिंतींना ओल फुटते, काड्यापेटीवर काडी ओढली तर गूल झिजतो पण ज्योत धरत नाही. भाताची झोडणी होऊन थंडी पडली की पहाटेचे धुके आणि चुलीचा धूर एकात एक मिसळून खाली बसतात. घोटवड्याहून माणच्या रस्त्याला लागले की हिंजवडीच्या काचेच्या इमारती येतात, दक्षिणेला पिरंगुटचे कारखाने. म्हणजे एकाच खोऱ्याच्या हवेत शेतीचा धूर, गाड्यांचा धूर, कारखान्यांचा वास आणि चार महिने काठोकाठ भरलेला दमटपणा असतो.

या खोऱ्यापासून पुण्याकडे निघाले, तर वाटेत किंवा वाटेच्या आसपास लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठाचे नॅनोविज्ञान केंद्र आहे. पाषाण रस्त्याच्या परिसरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे ‘एनसीएल’ आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी ‘सी-मेट’ आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे ‘आयआयटीएम’, पाषाणलाच. गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग. हवेतला वायू ओळखणारे पदार्थ घडवणे, त्यांचे पृष्ठभाग तपासणे, हवा मोजणे, यांपैकी काही ना काही या पट्ट्यात कित्येक दशके चालले आहे. पुण्याबाहेर अमळनेर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथेही. गॅस सेन्सरवर प्रबंध लिहिणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. तरी रिह्यासारख्या गावाने उद्या ठरवले, की आपल्या हवेत काय आहे हे आपणच मोजू, तर त्याच्या हाती डोळे झाकून देता येईल असे स्वस्त यंत्र यांतल्या कुठल्या प्रयोगशाळेतून आले आहे, हे सांगणे अवघड जाते.

असे का, याचा शोध घेताना एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होते. वायूचा अंश ओळखण्यात आपल्या प्रयोगशाळा हुशार झाल्या आहेत. ओळखलेले वर्षभर, कुठल्याही हवेत, त्याच खात्रीने सांगत राहणे हे वेगळे काम आहे आणि त्याकडे पाहायला फारसे कोणी थांबलेले नाही. त्या कामाला मुळशीच्या पावसाळ्याइतका कडक परीक्षक दुसरा मिळणार नाही.

एका सेकंदात मळणारा पृष्ठभाग

सेन्सर म्हणजे मुळात एक पृष्ठभाग. पदार्थाच्या पोटात काय आहे याच्याशी हवेतल्या वायूला देणेघेणे नसते. त्याची गाठ पडते ती सर्वांत वरच्या अणूंशी. एका चौरस सेंटिमीटरवर असे अणू असतात साधारण एकावर पंधरा शून्ये इतके. हा आकडा ऐकायला प्रचंड आहे, पण पोटातल्या अणूंच्या मानाने तो नगण्य. म्हणून त्यांना वेगळे पाडून पाहणे फार कठीण असते.

त्यातून ते स्वच्छ ठेवणे आणखी कठीण. हवा उपसून दाब वातावरणाच्या शहात्तर कोटीव्या हिश्शापर्यंत, म्हणजे एका टॉरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत खाली आणला, तरी उरलेल्या वायूचे रेणू आदळून-चिकटून स्वच्छ पृष्ठभागाला अवघ्या एका सेकंदात झाकून टाकू शकतात. आयर्विंग लँगम्यूर यांना १९३२मध्ये पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळाले. या एका सेकंदाच्या माऱ्याला मोजमापाचे एकक म्हणून त्यांचेच नाव दिलेले आहे. अशा पृष्ठभागावर सावकाश काम करायचे, तर निर्वात आणखी दहा हजार पटींनी चांगला लागतो. मग एका सेकंदाचे दहा हजार सेकंद होतात, म्हणजे पावणेतीन तास. तेवढ्यात मोजमाप उरकायचे.

म्हणून पृष्ठभागविज्ञानाची प्रयोगशाळा बाहेरून पाहिली तर पाणबुडीच्या इंजिनघरासारखी दिसते. जाड स्टीलचे गोल कक्ष, त्यांना काचेची खिडकी, तांब्याच्या कड्या दाबून बसवलेले नटबोल्टचे जोड आणि अखंड गुणगुणणारे पंप. कक्ष एकदा उघडला की त्याच्या भिंतींवर हवेतले पाणी बसते. ते घालवायला अख्खा कक्ष दीडशे अंशांच्या आसपास तासन्‌तास तापवावा लागतो. याला ‘बेकआउट’ म्हणतात. पुण्यात पावसाळ्यात कक्ष उघडायची वेळ आली तर कपाळाला आठी पडणे साहजिक आहे, कारण आत गेलेली वाफ काढायला जास्त वेळ द्यावा लागतो. दमट हवेशी या शास्त्राचे भांडण पंपापासूनच सुरू होते.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ची. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात हे शास्त्र रुजवणाऱ्यांमध्ये डॉ. सुलभा कुलकर्णी यांचे नाव ठळक आहे. मूळच्या वाईच्या कुलकर्णी यांनी पुण्यात डॉक्टरेट केली, नंतर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात काम केले आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात परत येऊन इथेच पृष्ठभागांचा अभ्यास उभा केला. त्यांच्या क्षेत्राचे मुख्य हत्यार म्हणजे क्ष-किरणांनी पृष्ठभागातले इलेक्ट्रॉन उडवून त्यांची ऊर्जा मोजणे. ही पद्धत विकसित केल्याबद्दल स्वीडनच्या काय सीगबान यांना १९८१चे नोबेल मिळाले. ॲल्युमिनियमपासून निघणारे १४८६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे क्ष-किरण नमुन्यावर सोडायचे. खोलवरचे इलेक्ट्रॉन बाहेर येईपर्यंत ऊर्जा गमावतात, त्यामुळे नेमकी खबर घेऊन येतात ते वरच्या काही नॅनोमीटरमधलेच. त्यांच्या आलेखात जी टोके दिसतात त्यांना सगळे ‘पीक’च म्हणतात. कथिलाचा पीक ४८५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आला तर वर शुद्ध धातू आहे आणि दीडेक व्होल्टने पुढे सरकला तर त्याचा ऑक्साइड झालेला आहे. एवढ्याशा सरकण्यावरून पृष्ठभागाची कुंडली मांडली जाते.

याच प्रयोगशाळेचा प्रवास पुढे नॅनोकणांकडे झाला आणि त्यात नवल काही नाही. दहा नॅनोमीटरच्या कणात साधारण पाचवा हिस्सा अणू पृष्ठभागावर असतात, तीन नॅनोमीटरच्या कणात जवळजवळ निम्मे. कण जितका लहान तितका तो सगळाच पृष्ठभाग. १९९५च्या सुमारास कुलकर्णी यांच्या गटाने झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांत मँगेनीज मिसळून त्यांच्या प्रकाशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘नॅनो’ हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रात फारसा दिसत नव्हता. पुढे या विषयावरचे त्यांचे इंग्रजी पाठ्यपुस्तक देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेले.

पण निर्वातात पाहिलेला पृष्ठभाग आणि हवेत काम करणारा पृष्ठभाग यांत मोठी दरी आहे. कारखान्यातला उत्प्रेरक असो की स्वयंपाकघरातला सेन्सर, तो निर्वातात राबत नाही. ही दरी बुजवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पाषाणला झाला. एनसीएलमध्ये चिन्नाकोंडा गोपीनाथ यांच्या गटाने वायूच्या सान्निध्यातच इलेक्ट्रॉन मोजता येतील असा खास वर्णपटमापी बांधून घेतला आणि २०१३मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. एक मिलिबार ऑक्सिजनमध्ये तांबे, चांदी आणि सोने यांच्या पृष्ठभागांचे काय होते ते त्यांनी त्यात दाखवले. एक मिलिबार म्हणजे वातावरणाच्या दाबाचा हजारावा भाग. सामान्य वाचकाला तो अगदीच क्षुल्लक वाटेल. पण जिथे काम चालायचे त्या दाबापासून इथवर येणे म्हणजे कित्येक कोटी पटींची चढण आहे. शास्त्र हळूहळू प्रत्यक्ष हवेकडे सरकते आहे ते असे.

ओसाकाहून अमळनेरला

वायू ओळखणाऱ्या धातूच्या ऑक्साइडची व्यावहारिक कथा जपानात सुरू होते. घरोघरी बाटलीतला गॅस आला आणि गळतीने स्फोट होऊ लागले. क्यूशू विद्यापीठातल्या सेइयामा यांनी १९६२मध्ये दाखवले, की तापवलेल्या झिंक ऑक्साइडच्या पापुद्र्याची वाहकता वायू आला की बदलते. त्याच सुमारास नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा सेन्सर घडवला आणि १९६९मध्ये ओसाकात ‘फिगारो’ ही कंपनी उभी केली. आज जगभरच्या गॅस-अलार्ममध्ये दिसणारा जाळीच्या टोपीचा छोटा डबा हा त्याच घराण्यातला.

त्याचे काम समजायला अवघड नाही. कथिलाचे ऑक्साइड दोन-चारशे अंशांना तापवले की हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांवर येऊन बसतो आणि कणातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. इलेक्ट्रॉन अडकले की वीज वाहणे अवघड होते, म्हणजे रोध वाढतो. एलपीजी किंवा कार्बन मोनॉक्साइड आला की तो या बसलेल्या ऑक्सिजनशी जळतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध घसरतो. ती घसरण मोजायची. कण जितके बारीक, तितका या देवघेवीचा परिणाम मोठा. जपानच्याच यामाझोए यांच्या गटाने १९९१मध्ये दाखवले, की कण सहा नॅनोमीटरच्या आसपास आले की संवेदनशीलता एकदम उसळते, कारण तेव्हा ऑक्सिजनचा ताबा कणाच्या पृष्ठभागापुरता न राहता पार गाभ्यापर्यंत पोचतो.

पुणे विद्यापीठात आर. एन. करेकर आणि आर. सी. अय्यर यांनी जाड आणि पातळ थरांची उपकरणे हाताळली, त्यात एलपीजीचे सेन्सरही होते. एनसीएलमध्ये आय. एस. मुल्ला आणि के. विजयमोहनन यांच्या गटाने कथिलाच्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर दुसरा धातू किंचित चढवून तो हायड्रोजनसारखा एकच वायू निवडून ओळखेल असे करण्याचे काम नव्वदच्या दशकात केले. पण या विषयाने महाराष्ट्रात खरा विस्तार धरला तो महाविद्यालयांत.

अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५चे. तत्त्वज्ञान मंदिरासाठी आणि साने गुरुजींच्या वास्तव्यासाठी ओळखले जाणारे हे खानदेशातले गाव गॅस सेन्सरच्या शोधनिबंधांतही वारंवार भेटते, कारण तिथे एल. ए. पाटील यांनी सेन्सरची प्रयोगशाळा चालवली. तिथल्या संशोधकांचे काम ‘सेन्सर्स अँड ॲक्च्युएटर्स’सारख्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात येत राहिले. २००६चा एक निबंध पाहा. बेरियम टायटेनेटच्या जाड थराचा पृष्ठभाग तांब्याने बदलून हायड्रोजन सल्फाइड ओळखण्याचा तो प्रयोग आहे. लेखकांत जी. एच. जैन आणि पाटील यांच्याबरोबर सी-मेटचे डी. पी. अमळनेरकर आहेत. खानदेशातले महाविद्यालय आणि पुण्यातली केंद्र सरकारची संस्था एका कागदावर आलेली दिसतात. जैन यांनी पुढे नाशिक जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक समाजाच्या महाविद्यालयांतून हेच काम वाढवले. सोलापूर विद्यापीठात व्ही. बी. पाटील यांच्या गटाने पॉलिॲनिलिनसारख्या वीजवाहक पॉलिमरकडे मोर्चा वळवला. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात उच्चशिक्षणाच्या ‘रुसा’ योजनेतून प्रगत सेन्सर तंत्रज्ञानाचे केंद्र उभे राहिले.

हा विषय नेमका आपल्याकडेच एवढा का फोफावला? कारण तो परवडतो. कोट्यवधींचा निर्वात कक्ष जिल्ह्याच्या महाविद्यालयाला कुठून मिळणार? जाड थराच्या सेन्सरला मात्र फारसे काही लागत नाही. ऑक्साइडची पूड खलात घोटायची. तिच्यात इथाइल सेल्युलोज आणि ब्युटाइल कार्बिटॉल ॲसिटेटसारखे द्रावक घालून पेस्ट करायची. ही पेस्ट स्थिर असताना घट्ट राहते आणि दाबली की सैल होते. लग्नपत्रिका छापणारा जसा कापडी जाळीवरून रबरी पट्टी ओढतो, तशी ती काचेच्या पट्टीवर किंवा ॲल्युमिनावर ओढायची. भट्टीत पाचशे-साडेपाचशे अंशांना अर्धा तास भाजायची, म्हणजे द्रावक आणि सेल्युलोज जळून जातात आणि पूड चिकटून बसते. पृष्ठभाग बदलायचा असेल तर ही तयार पट्टी कॉपर क्लोराइडच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून पुन्हा भाजायची. किती मिनिटे बुडवली यावरून तांब्याचे प्रमाण बदलते. पाच, दहा, वीस मिनिटे असे नमुने करत जायचे.

तपासणीचे यंत्रही प्रयोगशाळेतच जुळवलेले असते. स्टीलच्या तबकावर काचेची मोठी घुमटी पालथी घातलेली. आत हीटर, त्यावर सेन्सरची पट्टी, शेजारी तापमान सांगणारे क्रोमेल-ॲल्युमेलचे थर्मोकपल. तबकाच्या एका छिद्रातून इंजेक्शनच्या पिचकारीने वायू सोडायचा. हिशेब सोपा आहे. घुमटी पंचवीस लिटरची असेल आणि अडीच मिलिलिटर वायू सोडला, तर हवेत तो दहा लाखांत शंभर भाग होतो, म्हणजे शंभर पीपीएम. एका बाजूला स्थिर व्होल्टेज, दुसऱ्या बाजूला पिकोॲमीटर. काटा किती चढला तो ‘रिस्पॉन्स’. घुमटी उचलून ताजी हवा आत घेतली की तो मूळ जागी यायला लागणारा वेळ म्हणजे ‘रिकव्हरी’. मग तापमान पन्नास अंशांनी वाढवून पुन्हा पहिल्यापासून. यातून आलेख निघतो, आलेखातून निबंध निघतो, निबंधांतून प्रबंध होतो.

याला नाके मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही. बोटाने पेस्टचा घट्टपणा ओळखणारा, भट्टीचा वेग हाताने सांभाळणारा, वायरी स्वतः झाळणारा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी या पद्धतीने तालुक्याच्या गावी घडला. ही या राज्याची कमाई आहे. अडचण आहे ती घुमटीतल्या हवेत.

पाच पीपीएमची हौस

घुमटीतली हवा कोणती असते? बहुधा खोलीतली, त्या दुपारची. निबंधात वायूचे प्रमाण असते, तापमान असते, कणांचा आकार असतो. त्या दिवशी हवेत दमटपणा किती होता, हे वाचकाला शोधावे लागते. उलट सगळ्यात ठळक अक्षरात असतो तो एक आकडा: किती कमी वायू ओळखला. शंभर पीपीएमवरून पन्नास, मग दहा, मग पाच.

एलपीजीच्या बाबतीत ही हौस जरा तपासून पाहण्यासारखी आहे. हवेत एलपीजी पावणेदोन ते दोन टक्क्यांच्या आसपास पोचला की ठिणगीने भडका उडू शकतो. दोन टक्के म्हणजे वीस हजार पीपीएम. त्याच्या दशांशाला, दोन हजार पीपीएमला, घंटा वाजली तरी माणसाला खिडक्या उघडायला अवधी मिळतो. त्याआधी नाकाला कळते ते वेगळेच, कारण गॅसमध्ये मर्कॅप्टनचा उग्र वास मुद्दाम घातलेला असतो. तेव्हा स्वयंपाकघरातल्या सेन्सरला पाच पीपीएम ओळखण्याची गरजच नाही. त्याला दोन हजार पीपीएम ओळखायचे आहेत, पण आज, पुढच्या आषाढात आणि पाच वर्षांनीही. शिवाय फोडणीच्या वाफेला, अगरबत्तीला आणि हातावरच्या सॅनिटायझरला न फसता.

हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट वेगळी, तिथे कमी प्रमाणही महत्त्वाचे असते. गटारात, मैलाटाकीत, शेणखळीच्या बंद टाकीत तयार होणाऱ्या या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होते आणि उतरलेल्या माणसाला धोका संपला असे वाटते. नेमके तेव्हाच तो वाढलेला असतो. अमळनेरच्या प्रयोगातले तांबे इथे उपयोगी पडते. तांब्याच्या ऑक्साइडचे या वायूत सल्फाइड होते आणि पृष्ठभागाची वाहकता झपाट्याने बदलते. असा सेन्सर टाकीत उतरणाऱ्याच्या कमरेला हवा. पण टाकीतली हवा म्हणजे ओलीचिंब हवा. घुमटीतल्या दुपारशी तिचा काही संबंध नाही.

दमटपणाने बिघडते काय? पाण्याचा रेणू तापलेल्या ऑक्साइडवर येऊन फुटतो आणि हायड्रॉक्सिलच्या रूपात चिकटतो. ऑक्सिजनने बसायच्या जागा तो अडवतो आणि वर स्वतःही इलेक्ट्रॉनांची उलाढाल करतो. परिणाम दोन होतात. वायू नसतानाच रोध खाली येतो, म्हणजे आधाररेषा सरकते. आणि वायू आल्यावर होणारी घसरण लहान होते, कारण जळायला ऑक्सिजनच कमी बसलेला असतो. म्हणजे सेन्सर पावसाळ्यात उगाच ओरडू शकतो आणि खरी वेळ आली की हळू आवाजात बोलू शकतो.

पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘एमक्यू-२’ नावाचा चिनी सेन्सर दीड-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा अर्धा ‘स्मार्ट व्हिलेज’ प्रकल्प त्याच्यावर उभा असतो. त्याचे माहितीपत्रक निवांत वाचावे. प्रमाण मोजमाप वीस अंश तापमानाला आणि पासष्ट टक्के दमटपणाला केलेले आहे. दमटपणाचा परिणाम दाखवणाऱ्या आलेखात दोन रेषा आहेत, एक तेहतीस टक्क्यांची आणि एक पंच्याऐंशी टक्क्यांची. पंच्याऐंशीच्या पुढे कागद कोरा. मुळशीत आषाढ-श्रावणातले दिवसच्या दिवस त्या कोऱ्या भागात जातात. ताम्हिणीला २०२४च्या जुलैमध्ये चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. रिहे घाटमाथ्यापासून पूर्वेला असल्याने तिथे पाऊस पुष्कळ कमी होतो, पण हवेतली ओल कुठे जाते?

त्याच पत्रकात आणखी एक अट आहे: वापरण्याआधी सेन्सर चोवीस तासांहून अधिक तापता ठेवावा. त्याचा हीटर सुमारे पाऊण वॉट खातो, म्हणजे दिवसाला अठरा-एकोणीस वॉट-तास. मोबाइलची दहा हजार मिलिॲम्पिअरची पॉवर बँक दोन दिवसही पुरणार नाही. वादळी पावसात गावची वीज गेली की हीटर थंड, थंड पृष्ठभागावर ओल, आणि वीज आल्यावर पुन्हा स्थिरावेपर्यंत वाट पाहणे. ज्या रात्री गरज जास्त, त्याच रात्री सेन्सर आजारी.

नवे काय चालले आहे

या अडचणी शास्त्रज्ञांना ठाऊक नाहीत असे मुळीच नाही. पुढची वाटचाल त्यांच्याच अंगाने चालली आहे. सिलिकॉनच्या चकतीवर केसाइतका सूक्ष्म हीटर कोरला, तर पाऊण वॉटचे काम शंभराहून कमी मिलिवॉटमध्ये होते आणि बॅटरीचा प्रश्न हलका होतो. पॉलिमरचे सेन्सर तर तापवावेच लागत नाहीत. पॉलिॲनिलिनवर अमोनिया आला की त्याच्यातले प्रोटॉन काढून घेतो आणि वाहकता पडते, हे साध्या खोलीच्या तापमानाला घडते. पण पॉलिमर पाणीही पितो, म्हणजे ओल पुन्हा दारात उभी. तिसरी वाट एका सेन्सरवर विसंबायचे नाही ही. वेगवेगळ्या पृष्ठभागांचे चार-सहा सेन्सर शेजारी बसवायचे, जोडीला दमटपणा आणि तापमान मोजायचे आणि सगळ्यांच्या उत्तरांवरून संगणकाने निष्कर्ष काढायचा. याला इलेक्ट्रॉनिक नाक म्हणतात. हे नाक शिकवावे लागते आणि शिकवणीत पावसाळा नसेल, तर ते पावसाळ्यात नापास होणार हे उघड आहे.

हवेतली धूळ मोजणाऱ्या स्वस्त यंत्रांचेही तेच. त्यांत लेझरच्या झोतातून हवा ओढून कणांवरून विखुरलेला उजेड मोजतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, उजेड जास्त विखुरतो आणि यंत्र धूळ वाढल्याचे सांगते. आयआयटीएमने दिल्लीत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी ‘सफर’ ही हवेची पाहणी सुरू केली आणि पुढे ती पुण्यातही आणली. तिची केंद्रे पाषाण, शिवाजीनगर, कात्रज, हडपसर, भोसरी अशी शहरात आहेत. अशा केंद्रातली मोठी यंत्रे आत ओढलेली हवा आधी तापवून वा कोरडी करून घेतात आणि ठरावीक काळाने ज्ञात प्रमाणाच्या वायूशी ताडून पाहिली जातात. स्वस्त यंत्राला हे लाड परवडत नाहीत. म्हणून त्याला मोठ्या यंत्राशेजारी काही काळ ठेवायचे, दोघांचे आकडे जुळवायचे आणि मग त्याला लांब पाठवायचे, हा मार्ग आता रूढ होतो आहे.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आयआयटी कानपूरबरोबर मुंबई महानगर प्रदेशात अशी चाचणी केली. देशी नवउद्योगांचे चाळीस सेन्सर मंडळाच्या केंद्रांशेजारी बसवले आणि त्यांचे निकाल उत्साहवर्धक आले. चाचणीचा काळ होता नोव्हेंबर २०२० ते मे २०२१. कॅलेंडर समोर ठेवले की लक्षात येते, कोकणातल्या हवेचे जे चार महिने सगळ्यात अवघड, ते नेमके वगळले गेले. आयआयटी कानपूरच्याच ‘अमृत’ प्रकल्पाने पुढे बिहार आणि उत्तर प्रदेशच्या ग्रामीण गटागटांत देशी बनावटीचे सेन्सर बसवले. गावची हवाही मोजण्याजोगी आहे, हे त्याने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मान्य केले. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांसाठी असे काही अजून व्हायचे आहे.

आपल्याकडे सेन्सर शेतात टिकल्याचे एक उदाहरण मात्र आहे, आणि तेही दमटपणाशीच झुंजणारे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत पानाचा ओलावा मोजणारी पट्टी वेलीत टांगलेली दिसते. पान किती तास ओले राहिले आणि तापमान किती होते, यावरून डाऊनी हा बुरशीचा रोग येणार की नाही याचा अंदाज बांधतात आणि फवारणी ठरवतात. या पट्टीत कसलीही थोर संवेदनशीलता नाही. ती टिकली, कारण तिच्या एका आकड्यावर फवारणीचा खर्च वाचतो किंवा बुडतो, त्यामुळे बागाईतदार स्वतः ती पुसून ठेवतो, आकडा चुकला तर कंपनीला फोन लावतो आणि कंपनीला माणूस पाठवावा लागतो. मोजणाऱ्याचा आणि मोजमापाचा असा रोजचा संबंध जिथे असतो, तिथे सेन्सर जगतो. ग्रामपंचायतीच्या छपरावर उद्घाटनाचा नारळ फोडून बसवलेल्या यंत्राला असा वाली नसतो.

प्रबंधात एक प्रकरण वाढवा

मग करायचे काय? नवी संस्था काढण्याची गरज नाही, मोठा निधीही लागत नाही. घोटवडे, रिहे, पौड, ताम्हिणी असे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना पाऊस आणि दमटपणा वाढत जातो. निसर्गाने फुकट उभी केलेली ही चाचणीशाळा आहे. लवळ्याच्या टेकडीवरून ती समोर आहे आणि गणेशखिंडीतून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतकी जवळ आहे. गॅस सेन्सरवर पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाने आपले दोन-तीन नमुने ज्येष्ठ ते आश्विन अशा गावांतल्या शाळेच्या वा दवाखान्याच्या आडोशाला चालू ठेवावेत. शेजारी दमटपणा आणि तापमान मोजणारे साधे यंत्र ठेवावे. दर पंधरवड्याला पिचकारीने तोच ठरलेला वायू द्यावा आणि आकडा लिहावा. आधाररेषा किती सरकली, घसरण किती उरली, वीज गेल्यावर सावरायला किती तास लागले, किती नमुने मेले, एवढेच. यात नवा पदार्थ नाही, त्यामुळे नामांकित नियतकालिक कदाचित नाक मुरडेल. विद्यापीठाने मात्र अशा प्रकरणाला गुण द्यावेत आणि मार्गदर्शकांनी त्याचा आग्रह धरावा. अपयशाचे आकडे छापले, तर पुढच्या मुलाचा एक पावसाळा वाचेल.

याचा फायदा उलट दिशेनेही आहे. ओल्या हवेत पाच महिने राहिलेला नमुना परत आणून एनसीएलसारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉनांच्या पीकवरून तपासला, तर मुळशीच्या पावसाने त्या वरच्या काही नॅनोमीटरचे नेमके काय केले ते कळेल. हायड्रॉक्सिल किती बसले, तांबे टिकले की निघून गेले, धुरातला कार्बन कुठे साचला. कोरड्या देशांतल्या प्रयोगशाळांना हे उत्तर मिळवायला कृत्रिम दमटपणा तयार करावा लागतो. आपल्याला तो आषाढ देतो. जगाला उपयोगी पडेल असे संशोधन करण्याची ही आपल्या हातची संधी आहे, आणि तिला लागणारी साधने भट्टी, जाळी, पिचकारी आणि चिकाटी एवढीच आहेत. पहिल्या तीन आपल्या महाविद्यालयांत आहेतच.

तेव्हा रिहे ग्रामपंचायतीपुढे उद्या कोणी सेन्सरचा विक्रेता आला आणि पाच पीपीएम ओळखतो म्हणून सांगू लागला, तर सदस्यांनी त्याला एकच कागद मागावा: ज्येष्ठापासून आश्विनापर्यंतचा, उघड्या हवेतला, एकाच सेन्सरचा आलेख. तो असेल तर खुशाल खरेदी करावी. नसेल तर पैसे शाळेच्या छपराला लावावेत.